एडनचे कार्ड

माझ्या टेबलाच्या खणात एक जुने पोस्टकार्ड आहे. त्याचा वरचा उजवा कोपरा कापलेला आहे. कापाची कड वेडीवाकडी आहे. कारण ज्या हाताने ती कापली, तो हात अकरा वर्षांच्या मुलाचा होता आणि ते काम त्याने घाईघाईने, कोणी येते की काय या भीतीने केले होते. कार्डाशेजारी एका लहानशा पाकिटात तो कापलेला तुकडाही मी जपून ठेवला आहे.

गेली चाळीस वर्षे मी जुनी पत्रे जमवीत आलो आहे. देशोदेशींची कार्डे, लखोटे, सैनिकांची पत्रे असे पुष्कळ काही माझ्या संग्रही आहे. ते पाहावयास येणारे लोक हमखास विचारतात, "यांतले सर्वांत मौल्यवान कोणते?" तेव्हा मी हे कार्ड त्यांच्यापुढे ठेवतो. ते कार्डाकडे पाहतात, मग माझ्याकडे पाहतात; आणि सभ्य माणसे असल्यामुळे काही बोलत नाहीत. या कापलेल्या कार्डाला बाजारात कवडीचीही किंमत नाही, हे मलाही ठाऊक आहे. तरीही माझे उत्तर बदलत नाही. ते का, हे सांगण्यासाठी मला माझ्या लहानपणीचा एक अपराध सांगावा लागेल.

ही गोष्ट १९७० सालची. मी त्या वेळी सहावीत होतो. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या शाळेत त्या वर्षी तिकिटे जमविण्याची साथ आली होती. साथ म्हणावयाचे कारण असे, की प्रथम एकाला लागण झाली आणि महिन्याभरात सारा वर्ग अंथरुणाला खिळल्यासारखा त्या नादाला खिळला. जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर तिकिटे चिकटवावयाची आणि मधल्या सुटीत पिंपळाच्या पारावर बसून त्यांची अदलाबदल करावयाची, हा आमचा नित्यक्रम होऊन बसला. ज्याचा काका किंवा मामा मुंबईला एखाद्या मोठ्या कचेरीत असे, त्याची चंगळ होती. त्याच्याकडे इंग्लंड, जपान, जर्मनी असे सारे जग असे. माझ्या वहीत मात्र आमच्याच गावच्या पोस्टात मिळणारी तिकिटे होती, आणि त्यांना पारावर कोणी हिंग लावून विचारीत नव्हते.

आमच्या आजीजवळ एक पोथी होती. ती तांबड्या फडक्यात बांधून देवघरातील फडताळात ठेवलेली असे. त्या पोथीच्या पानांत एक कार्ड होते. ते आजीच्या थोरल्या भावाचे. हा भाऊ एडन बंदरात एका व्यापारी कचेरीत कारकून होता. १९२९ सालच्या श्रावणात त्याने तिला हे कार्ड लिहिले. त्यात लिहिले होते, की पावसाळा सरून कोकणच्या आगबोटी सुरू झाल्या म्हणजे रजा घेऊन येतो. या वर्षीची भाऊबीज तुझ्या हातची. परंतु भाऊबिजेपूर्वीच एडनहून तार आली. दोन दिवसांच्या तापाने तो तेथेच गेला होता. त्या वर्षापासून आजीने एक नेम धरला. भाऊबिजेच्या संध्याकाळी ती ते कार्ड पोथीतून काढी, पाटावर ठेवी, त्याला ओवाळी आणि घरातल्या कोणाकडून तरी ते मोठ्याने वाचून घेई. तिला स्वतःला वाचता येत नव्हते.

हे सर्व मला माहीत होते. परंतु त्या भाद्रपदात मला फक्त एवढेच आठवले, की त्या कार्डावर पंचम जॉर्ज बादशहाचे चित्र आहे!

एके दुपारी आजी देवळात कीर्तनाला गेली. मी पोथी उघडली, कार्ड काढले आणि तिकीट भिजवून सोडवावे म्हणून वाटीभर पाणी आणले. पाण्यात बुडविण्यापूर्वी नखाने त्याची कड उचलून पाहिली, तर कड उचलेना. तिकीट चिकटविलेले नव्हतेच. ते कार्डावरच छापलेले होते. मी क्षणभर थबकलो. त्याच क्षणी मी कार्ड परत ठेवले असते, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती. पण मी आईच्या शिवणाच्या डब्यातील कात्री घेतली आणि बादशहाला कोपऱ्यासकट कापून काढले. उरलेले कार्ड पुन्हा पोथीत ठेवून फडक्याची गाठ होती तशी मारली.

दुसऱ्या दिवशी मी ऐटीत पारावर गेलो. आमच्यातला एक मोठा मुलगा या व्यवहारातला जाणता समजला जाई. त्याने तुकडा बोटांत धरून उलटसुलट केला आणि म्हणाला, "हा राजा तर पैशाला पासरी मिळतो. आणि हे तिकीट कुठं आहे? कार्डाचा तुकडा आहे हा!" त्या तुकड्याच्या बदल्यात मला एकही तिकीट मिळाले नाही. घरी येऊन मी तो खळ लावून माझ्या वहीत चिकटविला आणि विसरून गेलो.

दिवाळी आली. फटाके उडविले, फराळ केला. आणि भाऊबिजेची संध्याकाळ झाली. आजपर्यंत कार्ड वाचण्याचे काम वडील करीत. त्या वर्षी आजी म्हणाली, "आता हा मोठा झाला. याला वाचू दे." तिने पोथी सोडली आणि कार्ड माझ्या हाती दिले. समईच्या उजेडात तिला कापलेला कोपरा दिसला की नाही, हे मला कळले नाही. माझे हात मात्र थंडगार पडले.

कार्डाच्या पुढच्या बाजूचा उजवा कोपरा कापला, की मागच्या बाजूचा डावा कोपरा जातो, हे गणित मी कापताना केले नव्हते. मजकुराच्या पहिल्या ओळीचा आरंभच त्या तुकड्याबरोबर गेला होता. ठळक बाळबोध अक्षरांत उरले होते ते असे : "...हिस, दादाचे अनेक आशीर्वाद." त्यापूर्वी काय होते?

मी गप्प उभा राहिलो. आजीने हात पुढे केला, कार्डाच्या कडेवरून बोट फिरविले आणि ते बोट कापलेल्या जागी येऊन थांबले. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग तिने एक नाव उच्चारले. ते नाव मी यापूर्वी कधी ऐकले नव्हते.

"तिथं माझं नाव होतं," ती म्हणाली. "माहेरचं."

लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल आपल्याकडे होती. आजी नवव्या वर्षी सासरी आली, ती नवे नाव घेऊनच. आईवडील गेले, भाऊ गेला. जुन्या नावाने तिला हाक मारणारे कोणी उरले नाही. आमच्या घरातील साऱ्या कागदांत ते नाव एकाच ठिकाणी लिहिलेले होते, आणि त्याच ठिकाणी मी कात्री चालविली होती.

"पुढचं वाच," आजी म्हणाली.

मी वाचले. कसे वाचले ते माझे मला माहीत.

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. तुकड्याच्या मागे ते नाव असणार, हे आता कळले होते. खळ सुटावी म्हणून मी पानासकट तो तुकडा पाण्यात ठेवला. तिकिटे आम्ही अशीच सोडवीत असू. खळ सुटली, तुकडाही अलगद निघाला. पण उलटा करून पाहतो तो मागे नुसता निळा डाग! दौतीची शाई पाण्यात विरघळून गेली होती. दर्शनी बाजूचा बादशहा मात्र होता तसाच होता. टपालाचा काळा शिक्काही जसाच्या तसा होता. टपालाच्या शिक्क्यांची शाई तेलकट असते, तिला पाण्याने काही होत नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

माझा खरा छंद त्या रात्री सुरू झाला, असे मला वाटते. तोपर्यंत मी तिकिटे जमवीत होतो; त्यानंतर मी पत्रे वाचू लागलो. पत्राचा मजकूर तर आपण वाचतोच, परंतु त्याच्या अंगावरची प्रत्येक खूण वाचावयाची असते. ते कार्ड आणि तो तुकडा मी अनेकदा जुळवून पाहिले. टपालाचा गोल शिक्का अर्धा कार्डावर आणि अर्धा तुकड्यावर उमटलेला होता. 'एडन' या इंग्रजी नावाची पहिली दोन अक्षरे कार्डावर राहिली होती आणि शेवटची दोन तुकड्यावर गेली होती. दोन्ही तुकडे जवळ आणले, तरच गावाचे नाव वाचता येत होते!

तुम्ही विचाराल, की एडन तर अरबस्तानच्या टोकाला. मग तेथून आलेल्या कार्डावर आपल्याकडचे छापील तिकीट कसे? याचे उत्तर इतिहासात आहे. इंग्रजांनी १८३९ साली एडन जिंकले आणि त्याचा कारभार मुंबई इलाख्याकडे सोपविला. हिंदुस्थान आणि युरोप यांच्या वाटेवरील ते महत्त्वाचे बंदर. आगबोटी तेथे कोळसा भरून घेत. १९३२ साली मुंबईचा कारभार संपला, आणि १९३७ साली एडन हिंदुस्थानापासून अगदी वेगळे झाले. तोपर्यंत तेथील टपाल कचेऱ्यांत हिंदुस्थानचीच तिकिटे व कार्डे विकली जात. त्यानंतर एडनची स्वतःची तिकिटे निघाली. त्यांवर अरबी गलबताचे चित्र होते. म्हणजे मुंबईत विकत घेतलेले कार्ड आणि एडनमध्ये विकत घेतलेले कार्ड यांत छपाईचा काहीच फरक नव्हता. फरक सांगणारी एकच गोष्ट, ती म्हणजे शिक्का. पारावरचा तो मुलगा म्हणाला ते खरेच होते. नुसता राजा पैशाला पासरी मिळत होता. त्या राजाला समुद्रापलीकडचा ठरविणारा शिक्का मीच दुभंगला होता.

ज्या कार्डावर किंवा पाकिटावर तिकीट चिकटवावे लागत नाही, छापूनच येते, त्यांची कथा तिकिटाइतकीच जुनी आहे. इंग्लंडात पूर्वी पत्राचे टपाल हशील अंतर मोजून आकारीत आणि बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल करीत. रोलंड हिल या सुधारकाच्या प्रयत्नाने १८४० साली ही पद्धत बदलली. देशात कोठेही पत्र पाठवा, अर्धा औंस वजनाला एकच पेनी आणि तीही आगाऊ, असे ठरले. त्यासाठी मे १८४० मध्ये जगातील पहिले चिकटविण्याचे तिकीट निघाले. त्याच वेळी विल्यम मुलरेडी या चित्रकाराने काढलेल्या चित्राची छापील पाकिटे व पत्रेही निघाली. चित्रात मधोमध ब्रिटानिया देवी बसलेली, तिच्या पायांशी सिंह, ती चारी दिशांना पंख असलेले दूत पाठवीत आहे, आणि दोन्ही बाजूंना हत्ती, उंट आणि देशोदेशींची माणसे आहेत. सरकारला वाटले होते, की लोक या चित्रावर लुब्ध होतील आणि ते इवलेसे तिकीट मागे पडेल. घडले उलटेच. लोकांनी त्या भव्य चित्राची इतकी थट्टा केली, त्याची इतकी विडंबने छापून विकली, की ती पाकिटे सरकारला मागे घ्यावी लागली. शिल्लक राहिलेले गठ्ठे तर नष्ट करावे लागले. इवलेसे तिकीट मात्र जगभर गेले. आज ती हसे झालेली पाकिटे संग्राहक जिवापाड जपतात.

पोस्टकार्डाची कल्पना यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी प्रत्यक्षात आली. इमॅन्युएल हेरमान या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने सुचविले, की चार ओळींच्या निरोपासाठी कागद, पाकीट आणि पूर्ण हशील एवढा खर्च कशाला? १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत पहिले पोस्टकार्ड निघाले. आपल्याकडे ते १ जुलै १८७९ रोजी आले. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. उघडे कार्ड कोणीही वाचील, अशी भीती काहींना वाटली. परंतु एका पैशात आपल्या माणसाची खुशाली कळते, हे पाहिल्यावर ती भीती फार काळ टिकली नाही.

परदेशी टपालाची गोष्ट याहून अवघड होती. एका देशातून दुसऱ्या देशात जाणारे पत्र वाटेत तिसऱ्या-चौथ्या देशातून जाई, आणि प्रत्येक देश आपला वाटा मागे. पत्र कोणत्या वाटेने, कोणत्या बोटीने जाणार, यावर हशील बदलत असे. त्या काळच्या लखोट्यांवर निरनिराळ्या शाईंनी लिहिलेले आकडे दिसतात. कोणत्या देशाला किती द्यावयाचे, त्याचा तो हिशेब. हा गुंता सोडविण्यासाठी ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न शहरी करार झाला आणि २२ राष्ट्रांचा टपालसंघ उभा राहिला. जर्मन टपालखात्याचे प्रमुख हाइनरिख फॉन श्टेफान यांचा त्यात मोठा वाटा होता. टपालापुरते सर्व सभासद देश मिळून एकच मुलूख समजावयाचे, असे ठरले. प्रत्येक देशाने आपल्याकडे जमलेले हशील आपल्याजवळच ठेवावयाचे. यामागचा विचार मोठा साधा होता : प्रत्येक पत्राला बहुधा उत्तर जातेच, तेव्हा आज तुमचे पत्र आम्ही पोहोचवू, उद्या आमचे तुम्ही पोहोचवा. हिंदुस्थान १८७६ साली या संघात सामील झाला. पुढे या संघटनेचे नाव जागतिक टपाल संघ असे झाले, आणि ९ ऑक्टोबर हा दिवस जागतिक टपाल दिन म्हणून पाळला जातो.

या परस्परविश्वासाचा एक सुंदर पुरावा म्हणजे परदेशी जोडकार्ड. दोन कार्डे एकमेकांना जोडलेली असत. एक निरोपाचे, दुसरे उत्तराचे. दोहोंवरही पाठविणाऱ्याच्या देशाचे तिकीट छापलेले. समजा, असे कार्ड आपल्याकडून जर्मनीला गेले, तर तेथील माणूस उत्तराचे कार्ड वेगळे करून, त्यावर दुसरे तिकीट न लावता, आपल्या गावच्या पेटीत टाकी. आपल्या राज्यात दुसऱ्याचे नाणे कोणी चालू देत नाही. परंतु दुसऱ्याने भरलेले उत्तराचे हशील मात्र प्रत्येक देश मान्य करी. ही जोडकार्डे आता बंद झाली आहेत. माझ्याजवळ त्यांतील काही आहेत, आणि त्यांतील बहुतेकांची उत्तराची बाजू कोरीच आहे. अशी कोरी बाजू पाहिली, की मला त्या पाठविणाऱ्याची आठवण येते. त्याने उत्तराचे पैसेही भरले होते. मग उत्तर का आले नसेल?

पत्राच्या प्रवासाच्या अशा कितीतरी खुणा असतात. काही जुन्या लखोट्यांवर छिन्नीने पाडलेल्या चिरा दिसतात. प्लेग किंवा कॉलरा असलेल्या मुलखातून आलेले पत्र युरोपातील बंदरांत अडवीत, त्याला चिरा पाडून गंधकाची धुरी देत, नाहीतर व्हिनेगरने ते शुद्ध करीत. पत्रातून रोग येतो, ही समजूत चुकीची होती. पण त्या समजुतीच्या खुणा कागदावर राहिल्या. काही लखोट्यांवर समुद्रावरील टपाल कचेरीचा शिक्का सापडतो. १८६८ सालापासून मुंबई आणि सुएझ यांच्या दरम्यान आगबोटीवरच टपाल वेगळे करण्याचे काम चाले. कारकून हेलकावे खात पत्रे लावीत, म्हणजे बोट मुंबईला लागताच थैल्या थेट आगगाडीत चढविता येत. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले, तेव्हा ही व्यवस्था बंद पडली.

त्याच महायुद्धातील एक छापील कार्ड माझ्या संग्रहात आहे. आघाडीवरील ब्रिटिश सैन्यातील शिपायांना ते देत. त्यावर वाक्ये तयार छापलेली असत : मी खुशाल आहे, मला इस्पितळात दाखल केले आहे, तुझे पत्र पोहोचले, बरेच दिवसांत तुझे पत्र नाही. नको असलेली वाक्ये खोडावयाची, बस्स! तारीख आणि सही यांखेरीज एक शब्दही जास्त लिहिला, तर कार्ड नष्ट केले जाईल, अशी सूचना वर छापलेली असे. शत्रूला काही कळू नये म्हणून ही दक्षता. माझ्या कार्डावर 'मी खुशाल आहे' एवढे वाक्य ठेवून बाकी सारी वाक्ये खोडलेली आहेत आणि खाली पेन्सिलीने केलेली सही आहे. त्या साऱ्या कार्डात त्या शिपायाचे स्वतःचे असे एकच होते. ते त्याचे नाव! आणि घरच्या माणसांना तेवढे पुरत असले पाहिजे. ते कार्ड हाती आले, त्या दिवशी मला आजीचे कार्ड पुन्हा आठवले.

छापील तिकिटाचा चौकोन कापून घेणारा मी एकटाच नव्हतो. एके काळी मोठमोठे संग्राहक हेच करीत. असे चौकोन चिकटविण्यासाठी छापील वह्यासुद्धा मिळत, आणि त्यांपायी हजारो पत्रे कापली गेली. पुढे लोकांच्या ध्यानात आले, की आपण फूल ठेवून झाड टाकून दिले. आता जाणते संग्राहक पत्र अखंड ठेवतात. पत्ता, शिक्के, डाग, घड्या यांतील काहीही पुसत नाहीत.

मी मुख्याध्यापक असताना सातवीतील एक मुलगा माझ्या खोलीत आला. त्याचे वडील आखाती देशात नोकरीला होते. माझा छंद त्याला माहीत होता. त्याने दप्तरातून निळ्या हवाईपत्रांचा एक जुडगा काढून माझ्यापुढे ठेवला. हवाईपत्र म्हणजे पाकीट आणि कागद दोन्ही एकच. आत दुसरे काही घालता येत नाही, म्हणून माणसे कडेकडेने, समासातसुद्धा लिहितात. "सर, तुमच्यासाठी तिकिटं कापून आणणार होतो," तो म्हणाला, "पण कात्री सापडली नाही." मी एक पत्र उचलले. समासात बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेले होते. मी ते वाचले नाही. जुडग्याला पुन्हा दोरा बांधला आणि त्याला म्हणालो, "ही घरी ने. आईच्या पेटीत ठेव. आणि कात्री शोधू नकोस." तो थोडा हिरमुसला. त्याला मी कारण सांगितले नाही. आज या पानावर सांगतो आहे. कदाचित त्याची मुले ते वाचतील.

मुलांनो, तुमच्याही घरात एखाद्या ट्रंकेत, एखाद्या पोथीत, कपाटाच्या वरच्या फळीवर जुनी पत्रे असतील. ती काढून पाहा. शिक्के वाचा, कोणत्या गावाहून, किती दिवसांनी पत्र आले, ते मोजा. पत्र ज्यांचे, त्यांना विचारा. ती माणसे आहेत तोवर विचारा. पण कापू नका आणि भिजवू नका. तिकिटाच्या मागच्या बाजूला काय लिहिले आहे, हे आपल्याला नेहमीच माहीत नसते.

आजी त्यानंतर चौदा वर्षे होती. प्रत्येक भाऊबिजेला ती कार्ड काढी आणि मी ते वाची. पहिल्या ओळीपाशी आलो, की मी थांबे. आजी आपले नाव उच्चारी. मग मी 'हिस, दादाचे अनेक आशीर्वाद' असे पुढे वाची. त्या अपराधाबद्दल ती मला एक शब्दही कधी बोलली नाही. एकदा मात्र मी धीर करून म्हणालो, "आजी, त्या जागी मी तुझं नाव पुन्हा लिहून देऊ?" ती म्हणाली, "अक्षर त्याचं होतं रे." मी पुन्हा तो विषय काढला नाही.

आता आजी नाही. भाऊबिजेच्या संध्याकाळी मी कार्ड काढतो, शेजारी तो तुकडा ठेवतो, दोन्ही शिक्के जुळवितो. घरातले कोणी नातवंड वाचावयास बसते. कापलेल्या कोपऱ्याशी ते थांबते आणि माझ्याकडे पाहते. मग ते नाव मी उच्चारतो. ते येथे मात्र लिहीत नाही. ते त्या भावाबहिणीचे आहे. पुढच्या वर्षी ते नाव नातवंडाने स्वतःच म्हणावे, असे मी त्याला सांगून ठेवले आहे.